घरी शिकणाऱ्या मुलांनी परीक्षा कोणती द्यावी?

मूल घरी शिकत असतं तेव्हा पहिली बरीच वर्षं परीक्षेचा विषय निघत नाही. वाचन चालू असतं, गणितं सुटत असतात, मूल कधी महिनाभर नकाशेच काढत बसतं आणि आपण ते काढू देतो. मग ते बारा-तेरा वर्षांचं होतं आणि एकाच आठवड्यात तीन माणसं तोच प्रश्न विचारतात: "दहावीचं काय करणार?" तोवर निवांत असलेले आईबाप या प्रश्नाने गडबडतात आणि घाईघाईत जे नाव पहिल्यांदा कानावर पडतं त्या मंडळात मुलाचं नाव घालून मोकळे होतात. माझ्या दोन मुलांच्या वेळी मीही जवळजवळ तेच करणार होते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

गोंधळ नेमका कुठे होतो ते आधी पाहू. शाळेत शिकणं, परीक्षा देणं आणि प्रमाणपत्र मिळणं ही तीन कामं एकाच छपराखाली होतात, त्यामुळे ती तीन आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही. मुलाचं नाव मंडळाकडे शाळा कळवते. फॉर्म शाळा भरून घेते, प्रयोगवहीवर सही शाळेतले सर करतात, तोंडी परीक्षा शाळा घेते, हॉलतिकीट वर्गात मिळतं. पुढे विद्यापीठाला शिफारसपत्र हवं असलं तर मुख्याध्यापक ते देतात. घरी शिकताना ही सगळी कामं सुटी होतात आणि एकेक करून आपल्या अंगावर येतात. माझा अनुभव असा की मुलाला विषय येतो की नाही, हा भाग त्या मानाने सोपा असतो. तो विषय येतो हे कुणासमोर, कुठल्या केंद्रावर बसून आणि कुणाच्या शिक्क्यानिशी सिद्ध करायचं, हे ठरवणं जास्त अवघड.

कायदा काय मागतो आणि जग काय मागतं

घरी शिकवायची परवानगी असणं आणि परीक्षा देणं सक्तीचं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या सातव्या कलमानुसार मुलाला योग्य शिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी पालकांची आहे, मग ते शाळेत मिळो वा अन्य मार्गाने. घरी शिकणाऱ्या मुलाने सोळाव्या वर्षी जीसीएसई (तिथली दहावीच्या पातळीची परीक्षा) दिलीच पाहिजे असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. अमेरिकेत १९९३ पासून पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, आणि अनेक राज्यांत शालान्त पदविका चक्क आईवडील स्वतः देऊ शकतात. जर्मनीत याच्या उलट: तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवायला जवळजवळ मुभा नाही, पण शाळेबाहेरच्या माणसाला आबिटूरची (तिथल्या बारावीसारखी) परीक्षा बाहेरून देण्याची सोय मात्र आहे. फ्रान्समध्ये २०२१ च्या कायद्यानंतर घरी शिकवायला आधी परवानगी काढावी लागते. बाक्कालोरेआ ही तिथली शालान्त परीक्षा मात्र स्वतंत्र उमेदवार म्हणून देता येते.

म्हणजे परीक्षेची सक्ती बहुतेक वेळा कायद्याकडून येत नाही, ती पुढच्या दाराकडून येते: महाविद्यालय, विद्यापीठ, नोकरी देणारा, व्हिसा देणारा. यातला प्रत्येक जण आपापला कागद मागतो. म्हणून मी कुठल्याही पालकाला पहिल्यांदा हेच सांगते की मंडळांची तुलना करत बसू नका. आधी दारं पाहा.

दारापासून उलट चालत या

समजा मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. मग बारावीच्या पातळीवर जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र लागणार, बऱ्याच ठिकाणी भौतिकशास्त्रही, आणि प्रात्यक्षिकाचे गुण लागणार. बारावीला रसायनशास्त्र घ्यायचं तर दहावीच्या पातळीला विज्ञान आणि गणित झालेलं हवं. म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी कोणते विषय निवडायचे हे अठराव्या वर्षीच्या दाराने ठरवलं. ज्या मुलाला चित्रकलेच्या महाविद्यालयात जायचं आहे त्याचं गणित निराळं. तिथे मुख्य वजन त्याच्या कामाच्या संग्रहाला असतं आणि परीक्षा किमान अटीपुरत्या लागतात. त्याच्याकडून नऊ विषयांची तयारी करून घेणं म्हणजे त्याचा हात जिथे बसायला हवा तिथून तो उचलणं.

बहुतेक मुलांना मात्र तेराव्या वर्षी काय व्हायचंय ते माहीत नसतं, आणि नसावंही. अशा मुलासाठी भाषा, गणित आणि विज्ञानाचा निदान एक विषय एवढा पाया ठेवावा, बाकीचं त्याच्या आवडीवर सोडावं, असं माझं मत आहे. गणित सोडलं की पुढे फार दारं एकदम बंद होतात, आणि तेव्हा ती बंद झाल्याचं कळतही नाही. कळतं चार वर्षांनी, अर्ज भरताना.

एक जुनं उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. २०१६ साली घरी शिकलेली एक भारतीय मुलगी अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. तिच्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची, म्हणजे संगणक प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेची, तीन पदकं होती. एमआयटीला तेवढं पुरलं. तीच मुलगी आयआयटीच्या दाराशी गेली असती तर बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून प्रवेश परीक्षेलाही बसू शकली नसती. मूल तेच, ज्ञान तेच. एका दाराला पदकं वाचता येत होती, दुसऱ्याला फक्त गुणपत्रिका. हे उदाहरण सांगून कुणी "बघा, प्रमाणपत्र लागतच नाही" म्हणतं, तेव्हा मला काळजी वाटते. ऑलिंपियाडची पदकं हीसुद्धा अतिशय कठीण परीक्षेचीच पावती आहे, आणि ती फार थोड्या मुलांना मिळते.

तर तीन-चार संभाव्य दारं निवडा आणि त्यांना थेट विचारा. फोनवर मिळालेलं "हो हो, चालेल" धरून चालू नका; ईमेलने लेखी उत्तर घ्या. विचारायच्या गोष्टी साध्या आहेत: हे मंडळ तुम्हाला मान्य आहे का, कोणते विषय लागतील, किती गुण किंवा कोणती श्रेणी लागेल, सगळे विषय एकाच वेळी दिलेले हवेत का, आणि समकक्षतेचा दाखला लागतो का. परदेशी मंडळाची परीक्षा देऊन भारतातल्या विद्यापीठात जायचं असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचा समकक्षता दाखला मागितला जातो, आणि त्यात किती विषय व कुठल्या श्रेण्या हव्यात याचे नियम असतात. ब्रिटनमध्ये असंच काम यूके एनिक ही संस्था करते. सहा विषय छान गुणांनी पास झाल्यावर समकक्षतेला हवी असलेली भाषा त्यांत नव्हती असं कळणं, यासारखा मनस्ताप नाही.

नियम बदलतात हेही लक्षात असू द्या. भारतात वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांनी बसू नये अशी अट २०१८ मध्ये आली होती. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्यांनी दोन वर्षं आधी विषय निवडले होते त्या मुलांनी ते मधले महिने कसे काढले असतील याचा विचार करा. दाराची चौकशी दर वर्षी एकदा पुन्हा करावी.

परीक्षांच्या वाटा

एक वाट मुक्त विद्यालयाची. भारतातली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे तिचं मोठं उदाहरण. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून ती सुरू झाली, १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. ती शाळेत न गेलेल्यांसाठीच उभी राहिली, त्यामुळे घरी शिकणाऱ्या मुलाला तिथे आपण कुणीतरी अपवाद आहोत असं वाटत नाही. दहावीच्या परीक्षेला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर अभ्यासाची तयारी असल्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं. पाच विषय घ्यायचे, त्यांत निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात, आणि पास झालेला विषय खात्यावर जमा राहतो. तयारी झाली की आपण मागू तेव्हा देता येईल अशी परीक्षाही आहे. मराठीतूनही अभ्यास करता येतो.

या मोकळेपणातच एक धोका आहे. दहावीला गणित किंवा विज्ञान घ्यायलाच हवं असं नाही. चित्रकला, गृहविज्ञान, भारतीय संस्कृती आणि दोन भाषा घेऊन प्रमाणपत्र रीतसर मिळतं, ते पूर्ण वैध असतं, आणि तंत्रशिक्षणाच्या दारात तोकडं पडतं. मोकळीक वापरायची, पण दार बघून.

दुसरी वाट म्हणजे नेहमीच्याच मंडळाची परीक्षा बाहेरून देणं. महाराष्ट्रात याला "१७ नंबरचा फॉर्म भरणं" म्हणतात. इतर ठिकाणी स्वतंत्र किंवा खाजगी परीक्षार्थी म्हणतात. फायदा असा की प्रमाणपत्र सगळ्यांच्या ओळखीचं असतं, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. तोटा असा की अभ्यासक्रम शाळेतल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन, आधीच्या इयत्तेचा दाखला अशा अटी मध्ये येतात. लहानपणापासून घरीच असलेल्या मुलाला ही वाट कधीकधी पहिल्याच पायरीवर अडते.

तिसरी वाट विषयवार आंतरराष्ट्रीय परीक्षांची, आणि जगभरच्या घरी शिकणाऱ्या कुटुंबांत तीच जास्त चालते. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या पातळीची परीक्षा १९८८ मध्ये सुरू झाली. पिअरसन एडेक्सेल ही संस्था तशाच परीक्षा इंटरनॅशनल जीसीएसई या नावाने घेते. पुढची पायरी ए लेव्हलची, म्हणजे बारावीच्या पातळीची. इथे "दहावी पास" असा एकगठ्ठा प्रकार नाही. प्रत्येक विषयाचं स्वतंत्र प्रमाणपत्र मिळतं. मूल चौदाव्या वर्षी गणित देऊ शकतं, पंधराव्या वर्षी जीवशास्त्र आणि इतिहास, सोळाव्या वर्षी बाकीचं. ज्याचं एका विषयात वय पुढे आणि दुसऱ्यात मागे असतं (आणि घरी शिकणारी बहुतेक मुलं अशीच असतात), त्याला हा आकार अंगाबरोबर बसतो. खर्च मात्र विषयागणिक वाढतो, कारण मंडळाच्या शुल्कावर केंद्राचं शुल्कही असतं.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, खूप कौतुकाने सुचवली जाते. तिची दोन वर्षांची पदविका मान्यताप्राप्त शाळेत नाव असल्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे घरून शिकणाऱ्यासाठी तिच्या चर्चेत वेळ घालवू नये. अमेरिकेची जीईडी १९४२ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघाली. चार विषय, शालान्त पातळीची समकक्षता. ती कामाची आहे, पण स्पर्धा असलेल्या विद्यापीठांत तिच्या एकटीच्या बळावर जाणं कठीण. एसएटी (अमेरिकेतल्या महाविद्यालय प्रवेशासाठीची चाचणी) आणि एपी (एकेका विषयाची महाविद्यालयीन पातळीची परीक्षा) या शालान्त प्रमाणपत्राच्या जागी येत नाहीत. त्या अर्जाला बळ देतात. ज्या मुलाची गुणपत्रिका आईवडिलांनीच तयार केलेली आहे त्याच्या बाबतीत एखाद्या विषयातले एपीचे ५ पैकी ५ गुण बरंच बोलतात, कारण ते तिऱ्हाइताने दिलेले असतात.

प्रात्यक्षिक नावाचा खड्डा

या विषयातला सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात जास्त पाय अडकवणारा भाग हा आहे. त्यामुळे इथे जरा थांबते.

अभ्यासक्रमाची पुस्तिका आपण उघडतो, धडे पाहतो, "हे तर आपण घरी करू शकतो" म्हणतो आणि मिटतो. शेवटची काही पानं वाचायची राहतात, आणि खरं तिथेच लिहिलेलं असतं: मूल्यमापन कसं होणार. काही विषयांत लेखी परीक्षेशिवाय वर्षभराचं काम असतं, जे शिक्षकाने स्वतः पाहून तपासलं पाहिजे आणि ते त्या विद्यार्थ्याचंच आहे अशी सही केली पाहिजे. काहींत तोंडी परीक्षा असते. काहींत प्रयोगशाळेत उभं राहून प्रयोग करावा लागतो. घरी शिकणाऱ्या मुलासाठी ही सही करणारा शिक्षक कुठून आणायचा?

इंग्लंडमध्ये घरी शिकवणारे इतके पालक जीसीएसईऐवजी इंटरनॅशनल जीसीएसईकडे का वळतात, याचं मोठं कारण हेच. जीसीएसईच्या इंग्रजीत बोलण्याचं मूल्यमापन केंद्राला घ्यावं लागतं, इतर काही विषयांत शाळेत तपासलं जाणारं काम असतं. आंतरराष्ट्रीय परीक्षांत बऱ्याच विषयांना संपूर्ण लेखी पर्याय आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसई भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचंच पाहा. प्रात्यक्षिकासाठी दोन पर्याय आहेत: पाचवी प्रश्नपत्रिका म्हणजे प्रयोगशाळेतली प्रत्यक्ष परीक्षा, आणि सहावी प्रश्नपत्रिका म्हणजे प्रयोगांवरचीच लेखी परीक्षा. तापमापीचं चित्र देतात, वाचन टिपायला सांगतात, आलेख काढायला लावतात, प्रयोगात चूक कुठे झाली ते विचारतात. घरी शिकणारी मुलं सहसा सहावी घेतात. प्रयोग मात्र घरी केलेच पाहिजेत. मेणबत्ती, व्हिनेगर, तराजू, भिंग एवढ्यावर बरंच होतं, आणि ज्याने स्वतः मोजमाप घेतलेलं नाही त्याची उत्तरं त्या प्रश्नपत्रिकेत लगेच उघडी पडतात.

हेच मूल ए लेव्हलला गेलं की चित्र बदलतं. केंब्रिजच्या ए लेव्हल विज्ञान विषयांत पहिल्या टप्प्यावर प्रयोगशाळेतली परीक्षा टाळता येत नाही. पिअरसनच्या इंटरनॅशनल ए लेव्हलमध्ये प्रात्यक्षिक कौशल्याच्या प्रश्नपत्रिका लेखी असतात. इंग्लंडच्या देशी ए लेव्हलमध्ये तिसराच प्रकार: दोन वर्षांत निदान १२ प्रयोग करायचे, शिक्षक ते पाहतो, आणि त्याचा निकाल श्रेणीपासून वेगळा छापतात. श्रेणी त्याशिवायही मिळते, पण काही विद्यापीठं त्या वेगळ्या नोंदीचाही आग्रह धरतात. तिन्ही ठिकाणी विषयाचं नाव एकच, रसायनशास्त्र. घरून देण्याच्या दृष्टीने त्या तीन निराळ्या परीक्षा आहेत.

माझ्या मुलीच्या वेळी मी ही शेवटची पानं वाचली नव्हती. पुस्तकं आणली, सात महिने अभ्यास झाला, मग केंद्राशी बोलताना कळलं की त्यांच्याकडे बाहेरच्या मुलांसाठी प्रयोगशाळा मिळत नाही. चूक पूर्ण माझी होती. मुलीने रागावून एक अक्षर बोललं नाही, ते मला जास्त लागलं. त्या वर्षी तिने विज्ञान सोडून इतर दोन विषय दिले आणि विज्ञानासाठी आम्ही मंडळ बदललं. अभ्यास वाया गेला नाही, पण प्रश्नांची धाटणी बदलल्यामुळे पुढचे तीन महिने नव्याने सरावाचे गेले. तेव्हापासून मी कोणत्याही विषयाची पुस्तिका शेवटाकडून वाचायला घेते.

किती विषय, कधी

शाळेतली मुलं नऊ-दहा विषय देतात म्हणून आपणही तितके द्यावेत याची गरज नाही. शाळेत ते वेळापत्रकात बसतात. घरी प्रत्येक विषयाचं नियोजन, शुल्क आणि उजळणी आपल्यालाच करायची असते. पाच-सहा विषय चांगल्या श्रेणीत मिळाले तर बहुतेक दारांना पुरतात, आणि मुलाकडे स्वतःचं काही करायला वेळ उरतो. तो वेळ नसेल तर मुळात घरी शिकवायचं कशासाठी?

विषय वर्षांत विभागून देणं हा घरी शिकण्याचा मोठा फायदा आहे. पहिली परीक्षा मुलाच्या सगळ्यात आवडत्या विषयाची असावी. अनोळखी सभागृह, घड्याळ, शेजारी खाली मान घालून लिहिणारी अनोळखी मुलं, पर्यवेक्षकांची पावलं हे सगळं पहिल्यांदाच अनुभवताना निदान विषय तरी मित्र असावा. विभागणीला एक मर्यादा आहे. काही विद्यापीठं, विशेषतः वैद्यकीयसारखे अभ्यासक्रम, ए लेव्हलचे विषय एकाच सत्रात दिलेले मागतात. दहावीच्या पातळीवर विभागा, वरच्या पातळीवर विचारून घ्या.

लवकर देण्याच्या शर्यतीत मात्र पडू नका, हे मी कळकळीने सांगते. अकराव्या वर्षी गणित देऊन मध्यम श्रेणी आणण्यापेक्षा तेच मूल चौदाव्या वर्षी उत्तम श्रेणी आणेल. गुणपत्रिकेवर श्रेणी दिसते. तेव्हा वय किती होतं ते पाहायला कुणी थांबत नाही.

केंद्र आधी, पुस्तकं नंतर

मंडळ खाजगी परीक्षार्थी घेतं याचा अर्थ तुमच्या जवळचं केंद्र घेतं असा होत नाही. केंद्र म्हणजे बहुधा एखादी शाळा. तिला बाहेरची मुलं घ्यायची सक्ती नसते. शिवाय एखादं केंद्र गणित घेईल, पण ज्या विषयात तोंडी किंवा प्रात्यक्षिक आहे तो नाकारेल. मे-जूनच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांचे फॉर्म साधारण फेब्रुवारीत बंद होतात आणि त्याआधीच जागा भरतात. म्हणून निदान वर्षभर आधी केंद्राला विचारा: कोणत्या मंडळाच्या परीक्षा होतात, बाहेरच्यांना कोणते विषय मिळतात, उशिराचं शुल्क कधीपासून लागतं, ओळखीचा पुरावा काय चालतो.

मुलाला वाचनात, लिहिण्यात किंवा लक्ष देण्यात अडचण असेल तर हे आणखी आधी करावं. जादा वेळ (बहुधा २५ टक्के), लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती, संगणकावर लिहिण्याची मुभा या सवलती मिळू शकतात. ब्रिटिश मंडळांत तज्ज्ञाच्या अहवालाबरोबर एक गोष्ट पाहतात: मुलाची रोजची कामाची पद्धतच तशी आहे का. शाळेत हे शिक्षक लिहून देतात. घरी तुम्हालाच नोंद ठेवावी लागेल: सराव परीक्षा किती वेळात सोडवली, जादा वेळाशिवाय किती झालं, जादा वेळ दिल्यावर किती. दोन वह्या पुरतात, पण तारखा घातलेल्या हव्यात.

नोंदी ठेवण्याचं महत्त्व २०२० मध्ये फार कडवटपणे कळलं. महामारीमुळे इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या परीक्षा रद्द झाल्या आणि शाळांच्या अंदाजावरून श्रेणी दिल्या गेल्या. घरी शिकणाऱ्या पुष्कळ मुलांना कुठलंच केंद्र ओळखत नव्हतं. त्यांच्या कामाचा पुरावा केंद्राकडे नव्हता, म्हणून त्यांना त्या उन्हाळ्यात श्रेणीच मिळाली नाही. शरद ऋतूतल्या परीक्षेची वाट पाहावी लागली. तसा प्रसंग पुन्हा येवो न येवो, तारखेसह जपलेलं काम, तपासलेल्या सराव परीक्षा आणि मुलाला ओळखणारं एक केंद्र एवढं हाताशी असावं.

शिफारसपत्राचंही असंच आहे. ब्रिटनच्या विद्यापीठ प्रवेशात शिफारस करणारा घरचा माणूस किंवा मित्र चालत नाही, आणि परीक्षा अजून व्हायची असेल तर अपेक्षित श्रेणी कुणीतरी द्यावी लागते. जी व्यक्ती मुलाला दोन वर्षं शिकवते आहे, प्रयोगशाळेत घेते आहे किंवा ऑनलाइन वर्गात त्याचं लेखन तपासते आहे, तीच हे करू शकते. अर्जाच्या वर्षी असा माणूस शोधायला निघू नये. पंधराव्या वर्षापासून निदान एका विषयात घराबाहेरचा शिक्षक असावा.

परीक्षेशिवायचे कागद

विषयांच्या परीक्षांशिवायही पुरावे असतात आणि काही दारं ते वाचतात. एबीआरएसएम ही १८८९ मध्ये स्थापन झालेली संगीत परीक्षांची संस्था १ ते ८ अशा श्रेणी घेते. त्यांतल्या वरच्या तीन श्रेणींना ब्रिटनच्या विद्यापीठ प्रवेशात गुणही मिळतात. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली, तेव्हापासून त्याच्या बहुतेक अभ्यासक्रमांना पूर्वीच्या पात्रतेची अट नाही. तिथे एक श्रेयांक म्हणजे साधारण दहा तासांचं काम, आणि ऑनर्स पदवीला ३६० श्रेयांक. शालान्त परीक्षा न देता थेट विद्यापीठ पातळीचं काम करून दाखवण्याचा हा मार्ग थोड्या मोठ्या, स्वतःहून अभ्यास करणाऱ्या मुलांना छान जमतो.

आणि ज्या मुलाला आत्ता काहीच द्यायचं नाही? माझा धाकटा असा होता. पंधराव्या वर्षी तो लाकडाच्या कामात इतका बुडाला होता की परीक्षेचं नाव काढलं तरी उठून जायचा. आम्ही दोघांनी बसून एवढंच तपासलं की उशीर झाल्याने कोणतं दार कायमचं बंद होतं. एनआयओएसला वयाची वरची मर्यादा नाही, विषयवार परीक्षांनाही नाही. गमावत होतो ती फक्त त्याच्या वयाच्या मुलांबरोबर पुढे सरकण्याची सोय. ती किंमत आम्हाला मान्य होती. भाषा आणि गणित मात्र सुटू दिलं नाही, रोज पाऊण तास, मग बाकीचा दिवस त्याचा.

सतरावं लागल्यावर एका सकाळी तो दोन विषयांच्या अभ्यासक्रम पुस्तिका छापून घेऊन आला. शेवटच्या पानांवर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. केंद्राला फोन लावायचं काम मी त्याच्याकडेच दिलं.